एक चमचा हवा

जुनी गाडी बरीच वर्षं चालवलेल्या माणसाला एक सवय जडलेली असते. लांबवर सिग्नल लाल दिसला की तो ब्रेकवर एकदा नुसताच पाय मारून बघतो आणि मग खरा ब्रेक मारतो. गाडी उसनी देणारा मित्रही किल्ली हातात ठेवताना सांगतो, "ब्रेक दोनदा मार, मग मस्त लागतो." आपण मान डोलावतो. पण यात एक कोडं आहे. पहिल्या दाबाला पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की अर्ध्यावरच घट्ट होतं. त्या अर्ध्या सेकंदात गाडीत कुणी काही दुरुस्त केलेलं नसतं. मग बदललं काय?

माझ्याकडे प्रीमिअर पद्मिनी आहे. आरसी बुकात पद्मिनी, घरात सगळ्यांच्या तोंडी 'फियाट'च. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ही गाडी 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून बनत होती, १९७४ मध्ये तिचं पद्मिनी असं बारसं झालं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये हटली. चारही चाकांना ड्रम ब्रेक, सगळं काम पायाच्या जोरावर आणि तेलाच्या भरवशावर. मागच्या दोन्ही चाकांचे व्हील सिलिंडर मी हौसेने स्वतः बदलले आणि त्याच दिवशी पेडल मऊ झालं. गॅरेजच्या भाषेत, ब्रेकने एअर धरली.

तेलाची काठी

ब्रेकच्या पेडलपासून चाकापर्यंत लोखंडी काठी किंवा तार नेली तरी ब्रेक लागेल. सुरुवातीच्या गाड्यांत तसंच होतं, आणि हेन्री फोर्ड तर १९३९ पर्यंत दांड्या आणि तारांनाच चिकटून होते. अडचण अशी की चाक वर-खाली होतं, वळतं, आणि चार तारांचा ताण कधीच सारखा राहत नाही. एक चाक आधी धरलं की गाडी त्या बाजूला ओढली जाते. माल्कम लॉकहीड या अमेरिकी माणसाने १९१७ मध्ये द्रवावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. विमानं बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीची सुरुवात ज्या भावांनी केली, त्यांतलाच हा एक. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर असे ब्रेक आले.

कल्पना साधी आहे. बंद भांड्यातल्या द्रवाला एका जागी दाबलं की तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो. शाळेत हाच पास्कलचा नियम म्हणून पाठ केलेला असतो. पेडलमागे एक सिरिंज आहे असं समजा, तिला मास्टर सिलिंडर म्हणतात. तिच्यातून निघालेल्या बारीक पाइपांच्या टोकाला प्रत्येक चाकात आणखी एक सिरिंज, तो व्हील सिलिंडर. त्याचे दोन पिस्टन दोन बाजूंना सरकतात आणि लायनर लावलेले दोन ब्रेक शू फिरत्या ड्रमवर आतून दाबतात.

आता जरा हिशेब करू. आकडे माझ्या गाडीचे नाहीत, पण या आकाराच्या गाडीला शोभतील असे घेतले आहेत. पायाने २० किलोचा जोर लावला. पेडल ही पाचपट तरफ, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर १०० किलो. पिस्टन १९ मिलिमीटर व्यासाचा असेल तर तेलातला दाब दर चौरस सेंटिमीटरला ३५ किलोच्या आसपास जातो. चाकातला पिस्टन २२ मिलिमीटरचा धरला तर प्रत्येक शूवर सुमारे १३० किलो. असे शू आठ. पाय २० किलोंचा आणि आठही शूंवर मिळून हजार किलोंच्या वर!

निसर्ग फुकट काही देत नाही. जोर वाढतो तेवढं अंतर घटतं. पेडल १५ सेंटिमीटर खाली जातं तेव्हा मास्टर सिलिंडरचा पिस्टन फक्त ३ सेंटिमीटर सरकतो आणि जेमतेम साडेआठ मिलिलिटर तेल ढकलतो. दोन चहाचे चमचे भरणार नाहीत एवढं. शू ड्रमला टेकायला त्यातलं दीड मिलिलिटर लागतं, म्हणजे पेडलची पावणेतीन सेंटिमीटर चाल. चांगला ब्रेक पेडलच्या वरच्या भागातच का लागतो, ते यातून कळतं. आणि बाकीची शिल्लक किती तुटपुंजी आहे, तेही.

हवा ही स्प्रिंग आहे

आता या तेलात चमचाभर हवा सोडू. ३५ किलोच्या दाबाखाली ब्रेक ऑइल इतकं कमी आकसतं की ते विसरून गेलं तरी चालेल, हजारात दोन भाग वगैरे. हवेचं तसं नाही. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दट्ट्या ढकलून बघा. दट्ट्या बराच आत जातो आणि सोडला की उसळून परत येतो. याच ३५ किलोच्या दाबाखाली हवा आपल्या मूळ जागेच्या छत्तिसाव्या हिश्शात मावते. पाच मिलिलिटरचा चमचा जवळजवळ रिकामा होतो.

म्हणजे काय झालं? पायाने ढकललेल्या साडेआठ मिलिलिटरपैकी पाच मिलिलिटर तेल ही रिकामी झालेली जागा भरण्यात गेलं. वरच्या हिशेबाने पेडलची जवळपास नऊ सेंटिमीटर चाल बुडाली, आणि चाकाला त्यातलं काहीच पोचलं नाही. त्यात वाईट हे की हवा पहिल्या हलक्या दाबालाच सर्वांत जास्त आकसते. दाब नुसता एक किलो झाला तरी ती निम्मी होते. म्हणून पेडल सुरुवातीला गादीत पाय रुतावा तसं रुततं आणि तळाशी जाता जाता कुठे घट्ट व्हायला लागतं. मिस्त्री याला 'स्पंजी' म्हणतात. शब्द परका असला तरी पायाला जे वाटतं ते नेमकं सांगतो.

खेड्यातल्या वाचकाला हे सगळं मोटारीवाचूनही माहीत असतं. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटर नुसती घुमते, पाणी चढत नाही. ट्रॅक्टरचं डिझेल पूर्ण संपलं तर टाकी भरूनही इंजिन चालू होत नाही, आधी पाइपातली हवा काढावी लागते. कारण थोडंथोडं वेगळं, पण दुखणं एकच. द्रवाने करायच्या कामाच्या मध्ये हवा येऊन बसते.

दुसऱ्यांदा मारल्यावर का लागतो?

उत्तर मास्टर सिलिंडरच्या एका चलाखीत आहे. त्याच्या डोक्यावर तेलाची टाकी असते आणि तिच्यातून सिलिंडरमध्ये एक सुईच्या टोकाएवढं भोक उघडतं. पाय उचललेला असताना भोक उघडं. पाय पडला की पिस्टनच्या टोकावरची रबराची वाटी पुढे सरकून ते बंद करते, आणि तेलाला चाकांकडे जाण्यावाचून वाट उरत नाही.

आता पाय झटकन उचला. स्प्रिंग पिस्टनला चटकन मागे आणते, पण लांबच्या बारीक पाइपांतून तेल तितक्या वेगाने परतू शकत नाही. पिस्टनसमोर क्षणभर पोकळी होते. रबरी वाटीची कड मऊ असते, ती या ओढीने किंचित दुमडते आणि टाकीतलं ताजं तेल कडेवरून पुढे सरकून पोकळी भरून काढतं. म्हणजे पाइपात गेलेलं तेल अजून बाहेरच आहे आणि सिलिंडर पुन्हा भरलेला. त्याच क्षणी दुसरा दाब दिला तर आधीच्या तेलात नव्याची भर पडते. आत बसलेली हवा पहिल्या दाबाने अर्धवट आकसलेलीच असते, म्हणून आता पेडल वरच धरतं.

थोडं थांबलात की जादा तेल त्या सुईच्या भोकातून गुपचूप टाकीत परत जातं आणि पेडल पुन्हा मऊ होतं. तेव्हा मित्राचा "दोनदा मार" हा सल्ला खोटा नाही. पण रस्त्यावर अचानक पोर आडवं आलं तर दुसऱ्यांदा मारायला वेळ कुणाकडे असतो?

> पेडल काय सांगतंय?
> पेडल लांब जातं, पंप मारल्यावर वर येतं आणि तिथे दगडासारखं घट्ट लागतं: बहुधा हवा नाही, लायनर झिजलेत. शू ॲडजस्ट करून घ्या.
> पंप मारल्यावर वर येतं, पण पायाखाली स्पंजी आणि लवचीक लागतं: हवा आहे.
> दाबून धरलं की हळूहळू खाली बसत जातं: कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरची वाटी तेल मागे सोडते आहे. हवा काढून उपयोग नाही.
> सकाळी ठीक, घाट उतरल्यावर मऊ: तेल जुनं झालंय, त्यात पाणी आहे.

हवा शिरते कुठून?

माझ्यासारख्याने पाइप सोडवला तर शिरणारच, त्यात गूढ काही नाही. टाकीतलं तेल इतकं उतरलं की भोक उघडं पडलं, तरी शिरते. पण कुणी हात लावला नसताना, तेलाचा एक थेंब गळलेला नसतानाही जुन्या गाडीत हवा सापडते, आणि तेव्हा मालक चक्रावतो. त्याचं कारण पुन्हा रबरी वाटीच, या वेळी व्हील सिलिंडरमधली. तिची कड आतल्या दाबाने फुगून सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटते, म्हणून दाबाच्या वेळी ती तेल उत्तम अडवते. पाय उचलल्यावर आत ओढ निर्माण होते, तेव्हा म्हातारी झालेली, कडक पडलेली वाटी भिंतीपासून सुटते आणि बाहेरची हवा आत घेते. तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. हे टाळायला ड्रम ब्रेकच्या बऱ्याच गाड्यांत पाइपाच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाय उचलल्यावरही तो पाइपात थोडासा दाब राखून ठेवतो, म्हणजे वाट्यांच्या कडा भिंतीला टेकलेल्या राहतात.

आणि पाणी. ब्रेक ऑइलला सगळे ऑइल म्हणतात, पण त्यात खरं तेल औषधालाही नसतं. चुकून इंजिन ऑइल ओतलं तर सगळ्या वाट्या फुगून सिलिंडरमध्ये अडकतात. नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं, आणि ते पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतला ओलावा ओढून घेतं. डबीवर डॉट ३ लिहिलेलं ताजं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० अंश धरतात. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५.

आता पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे उतरा, गाडीत पाच माणसं आणि पाय सतत ब्रेकवर. तापलेल्या ड्रमची धग व्हील सिलिंडरपर्यंत पोचते, तेलातलं पाणी उकळतं, आणि आतल्या आत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ हवेसारखीच आकसते. वाईला चहाला थांबलात, गार झालं, की वाफेचं पुन्हा पाणी आणि ब्रेक पुन्हा ठणठणीत. गॅरेजमध्ये दोष सापडत नाही तो त्यामुळे. जुने ड्रायव्हर घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा असं बजावतात, ते ड्रम तापू नयेत म्हणूनच.

मार, धर, सोड

हवा काढण्याची रीत दवाखान्यात सगळ्यांनी पाहिलेली आहे. नर्स सिरिंजची सुई वर करते, टिचकी मारते आणि दट्ट्या दाबून बुडबुडा बाहेर घालवते. सलाईन लावण्याआधी नळीतून थोडं पाणी वाहू देते. ब्रेकमध्येही एवढंच करायचं असतं. प्रत्येक व्हील सिलिंडरच्या पाठीवर सर्वांत वरच्या जागी एक पोकळ स्क्रू असतो, त्याला ब्लीडिंग निपल म्हणतात. तो सैल केला की आतलं तेल बाहेर पडतं.

निपलला पारदर्शक नळी चढवायची, तिचं दुसरं टोक जॅमच्या बाटलीत थोडं ब्रेक ऑइल घेऊन त्यात बुडवायचं. मी मेडिकलमधून सलाईनची नळी आणली होती. ती निपलपासून आधी वर वळवून मग खाली सोडावी, म्हणजे निघालेला बुडबुडा चढावर जातो आणि डोळ्यांना दिसतो. शू ड्रमला लागेपर्यंत आधीच ॲडजस्ट करून ठेवले तर चाकाकडे तेल कमी खर्ची पडतं. रिंग पाना आधी निपलवर आणि मग नळी, हे मी विसरलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

माणसं दोन लागतात. एक पेडलवर, एक चाकापाशी. पेडलवर मी पुतण्याला बसवलं. तो दाबून धरतो, मी निपल पाव फेरा सैल करतो, तेल आणि बुडबुडे नळीतून धावतात, पेडल खाली जातं, मी निपल आवळतो आणि मगच तो पाय उचलतो. हा 'मगच' फार महत्त्वाचा. निपल उघडं असताना पाय उचलला तर पेडल जेवढं बाहेर टाकतं त्यातलं बरंचसं परत आत ओढतं.

तीन वेळा सगळी चाकं फिरलो. अर्धा लिटर ऑइल संपलं, पेडल होतं तिथेच. शेवटी नाक्यावरच्या मिस्त्रींना बोलावलं. ते मांडी घालून शेजारी बसले, "करा तुम्ही, मी बघतो" म्हणाले. मी पुतण्याला ओरडून सांगितलं, "मार! धर! सोडतो हं!" मिस्त्री हसायलाच लागले.

"साहेब, तुम्ही निपल सोडता आणि तो पाय सोडतो."

खरंच होतं. माझं 'सोडतो' त्याला गाडीच्या आत 'सोड' ऐकू येत होतं. प्रत्येक वेळी तो इमानदारीत पाय उचलत होता आणि नुकतीच काढलेली हवा आम्ही मिळून परत आत घेत होतो. मिस्त्रींनी तिथल्या तिथे भाषा बदलली: दाब, धर, उचल. निपलबद्दल बोलायचंच नाही. त्यांनी एक लाकडाचा ठोकळाही पेडलखाली सरकवला. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज ज्या भागात कधीच जात नाही तिथे गंज बसलेला असतो. पेडल पार तळापर्यंत दाबलं तर वाटी त्या खरबरीत भागावर घासते, फाटते, आणि हवा काढायला घेतलेल्या ब्रेकचं मास्टर सिलिंडरच बदलावं लागतं.

बुडबुड्याचा हट्ट

हवा वर जाते, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तर बाकीचं आपोआप सुचतं. पण त्या वाक्यात एक फट आहे. ब्रेकचा पाइप आतून सुमारे ३ मिलिमीटरचा, त्यातून एका पूर्ण दाबात तेल साधारण मीटरभर पुढे सरकतं. मागच्या चाकाचा पाइप तीन-साडेतीन मीटरचा असेल, तर मास्टर सिलिंडरजवळचा बुडबुडा चाकाशी पोचायला तीन-चार दाब लागतात, तेही तो मध्ये कुठे मागे फिरला नाही तर. दोन दाबांमध्ये तुम्ही निवांत गप्पा मारल्या की चढावरचा बुडबुडा हळूहळू परत वर सरकतो. म्हणून दाब भरदार हवा आणि मधला वेळ कमी. उलट पेडल खटाखट मारत सुटलं तर तेल घुसळून त्याचा फेस होतो, आणि फेसातले बारीक बुडबुडे निघता निघत नाहीत. बाटलीतलं तेल पुन्हा टाकीत ओतायचं नाही, त्याचंही एक कारण हेच. दुसरं कारण त्यातलं पाणी.

पाइपातून सिलिंडरमध्ये आलं की चित्र बदलतं. तीन मिलिमीटरच्या गल्लीतून बुडबुडा एकदम बावीस मिलिमीटरच्या चौकात येतो. प्रवाह मंदावतो, बुडबुडा थेट छताला जाऊन चिकटतो. म्हणूनच निपल छतावर. डिस्क ब्रेकच्या गाडीत उजव्या-डाव्या कॅलिपरची अदलाबदल झाली की निपल तळाला जातं. मग लिटरभर ऑइल काढा, खालून स्वच्छ तेल येत राहतं आणि हवा वर शांत बसून असते.

आधी लांबचं चाक की जवळचं, यावर गॅरेजागणिक वाद ऐकायला मिळतात. सर्वसाधारण रूढी लांबच्या चाकापासून सुरू करण्याची आहे, म्हणजे सर्वांत लांब पाइप आधी ताज्या तेलाने धुऊन निघतो. गाडीचं जुनं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐकावं. माझ्या मते क्रमापेक्षा टाकीकडे लक्ष ठेवणं जास्त महत्त्वाचं. दर पाच-सहा दाबांनी तेल बघा. एकदा ती टाकी रिकामी झाली की सगळी मेहनत पाण्यात, किंवा खरं तर हवेत. आणि सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, ते रंग सोलून काढतं. माझ्या मडगार्डवर त्याची तळहाताएवढी खूण आहे.

घाई नसेल तर एकट्यानेही भागतं. निपल सैल करून नळी लावायची आणि नुसतं थांबायचं. टाकी उंचावर असल्याने तेल आपल्या वजनानेच थेंबथेंब उतरतं आणि हवेला बाहेर ढकलतं. मिस्त्रींना ही रीत आवडत नाही. "दिवस जातो," म्हणाले.

डावं मागचं चाक झालं, उजवं झालं. पुढच्या डाव्या चाकाच्या नळीतून आधी चहाच्या रंगाचं तेल आलं, मग साबुदाण्याच्या दाण्यांसारखी बुडबुड्यांची एक माळ, मग काचेसारखं स्वच्छ. शेवटच्या चाकाला मिस्त्री म्हणाले, "दाब. धर." निपल आवळलं, नळी काढली, टोपी बसवली, हात पुसत उठले. आम्ही दोघे बॉनेटपाशी उभे राहून पैशांचं बोलत होतो, चहा आला, तोही पिऊन झाला.

गाडीतून आवाज आला, "काका, उचलू का?"

मी वाकून बघितलं. पाय जिथे होता तिथेच होता, पेडल सुतभरही खाली गेलं नव्हतं.